साउंडबार की पाच स्पीकर? आधी घर मापा, मग दुकान गाठा

बेळगावच्या गल्लीतलं घर बहुधा अरुंद आणि लांब. पुढे सोपा, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परडं. दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत. टिळकवाडीतला फ्लॅट वेगळा, खानापूरकडचं कौलारू घर आणखी वेगळं. म्हणून शेजाऱ्याकडे जो सेट घुमतो तोच आपल्याकडे घुमेल, या भरवशावर पैसे घालू नका.

मेजरटेप घेऊन चार मापं टिपा: खोलीची रुंदी, टीव्ही ते बैठक अंतर, छताची उंची (आणि ते सपाट की उतरतं), बैठकीच्या दोन्ही बाजूंना सलग भिंत आहे का. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा (बेसचा) एक सबवूफर. त्यातले दोन सराउंड स्पीकर, म्हणजे भोवतालचा आवाज देणारे, पाठीमागेच हवेत असा समज आहे. तसं नाही. त्यांची जागा कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे, समोरच्या दिशेपासून ९० ते ११० अंशांत. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला तरी चालतं. बाजूला भिंत मात्र हवी, आणि कान ते स्पीकर किमान ३ फूट अंतर हवं. नऊ फूट रुंद सोप्यात सहा फुटी सोफा ठेवला की कडेला बसणाऱ्याच्या कानापासून भिंत जेमतेम दोन फुटांवर राहते. त्याला सगळा सिनेमा एकाच कानात ऐकू येतो. शिवाय सोपा म्हणजे घरातली वाट. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला माळ्याचा जिना. अशा ठिकाणी पूर्ण सेटचा हट्ट करू नका, चांगला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) घ्या. खोली १० फुटांहून रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना भिंत मिळत असेल, तर मात्र खरे पाच स्पीकर कुठल्याही बारला मागे टाकतात.

छताचं माप अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीसाठी. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, बहुधा वर तोंड केलेले. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यायला हवा. त्याला सपाट, कडक छत लागतं, साधारण ८ ते १२ फुटांवर. उतरत्या कौलांवरून आवाज भलतीकडेच जातो, आणि फटींतून काही बाहेरही. कौलाखाली वर तोंडाच्या स्पीकरसाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे शुद्ध नुकसान. स्लॅबच्या घरात विचार करायला हरकत नाही.

बार घ्यायचा ठरला तर खोक्यावरचे आकडे नीट वाचा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर. ३.१ मध्ये मधला स्पीकर वेगळा असतो आणि संवाद तिथूनच येतात. घरात मालिका आणि बातम्याच जास्त चालत असतील तर २.१ ऐवजी ३.१ घ्या, ‘आवाज मोठा पण बोलणं कळत नाही’ ही तक्रार बरीच कमी होते. ‘५.१’ लिहिलेल्या बारबाबत एकच प्रश्न विचारा: मागचे दोन स्पीकर खोक्यात आहेत का? नसतील तर ती हातचलाखी आहे. असतील आणि ‘वायरलेस’ म्हणत असतील, तरी त्यांना बहुधा वीज लागतेच, तेव्हा सोफ्याजवळ प्लग आहे का बघा. पीएमपीओचा (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला) आकडा सोडून द्या, आरएमएस (सलग मिळणाऱ्या ताकदीचे) वॉट विचारा.

जोडणी टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच करा, टीव्हीचा आवाज बारकडे तिथूनच जातो. बहुतेक टीव्हींना अशी एकच खाच असते. ऑप्टिकल केबलमधून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, अ‍ॅटमॉस जात नाही. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस साध्या एआरसीतूनही येऊ शकतं. ब्लू-रे डिस्कचं पूर्ण दर्जाचं हवं असेल तर ईएआरसी लागतं. सर्वांत नेहमीची चूक वायरीत नसते, टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते: डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर राहिला की बहुतेक टीव्हींवर पाच स्पीकरांचा आवाज दोनांपुरताच उरतो. तो ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’वर करा, सीईसी (टीव्हीच्याच रिमोटने बार चालवायची सोय) चालू ठेवा. बार शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका. त्याची पुढची कड फळीच्या कडेला आणा, आणि टीव्हीचा रिमोट सेन्सर झाकला जात नाही ना, तेवढं बघा.

आता पूर्ण सेट. लागतात त्या वस्तू: एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प), पाच स्पीकर, स्वतःचा अ‍ॅम्प असलेला सबवूफर, त्याच्यासाठी एक आरसीए केबल, एक एचडीएमआय आणि स्पीकर वायर. वायर १६ गेजची, म्हणजे साधारण दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. मापाचं उदाहरण: ११ × १८ फुटांचा सोपा, टीव्ही अरुंद भिंतीवर, रिसीव्हर टीव्हीखाली. पुढच्या दोघांना अडीच-अडीच मीटर, मधल्याला दीड. सराउंडला भिंतीच्या कडेने जाऊन पाच-साडेपाच फूट वर चढायचं, शिवाय मीटरभर शिल्लक: ८ मीटर. दुसऱ्या बाजूला दार असेल तर वायर चौकटीवरून फिरवावी लागते, म्हणून १२. बेरीज साडेसव्वीस, म्हणजे ३० मीटरचं भेंडोळं पुरतं. केसिंग पट्टीतून न्या, पण लाईटच्या वायरींच्या पट्टीतून नको. गुरगुर येते आणि धोकाही असतो. घर नव्याने बांधत असाल तर प्लास्टरआधीच वेगळी पाईप टाकून घ्या.

पुढचे स्पीकर कानाच्या उंचीला, एकमेकांपासून असे दूर की बैठकीवरून प्रत्येक जण मध्यापासून २२ ते ३० अंशांवर दिसेल. सराउंड कानाच्या दोनेक फूट वर. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत प्लास्टिकचा प्लग धरत नाही, भोक मोठं होत जातं आणि सहा महिन्यांनी स्पीकर लोंबतो. तिथे स्टँड वापरा.

वायर जोडताना लाल लालला, काळी काळीला. एकाच स्पीकरची उलटी लागली तर आवाज येतो, पण पोकळ येतो आणि बेस गायब होतो. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकला की रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो. टोकं पिळून घट्ट बसवा. रिसीव्हरवर चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा.

सबवूफरची जागा शोधायला तो बैठकीच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत जा. बेस जिथे भरीव पण न घुमणारा ऐकू येतो, तीच त्याची जागा. शेजाऱ्याची भिंत आपलीच असलेल्या गल्लीत मात्र तो त्या भिंतीला चिकटवू नका, कोपऱ्यात तर नकोच. खाली जाड रबर घाला. रात्री रिसीव्हरची ‘नाइट मोड’ वापरा. शेजाऱ्यांशी संबंध सबवूफरहून महाग आहेत.

रिसीव्हरच्या माईकने आपोआप जुळवणी करताना माईक बैठकीवर, कानाच्या उंचीला तिकाटण्यावर ठेवा. हातात धरू नका, पंखा बंद करा. मग तपासा: स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खोल आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ, सबवूफरवरचं क्रॉसओव्हर बटण सर्वांत मोठ्या आकड्यावर. संवाद दबत असतील तर सगळा आवाज न वाढवता मधला स्पीकर एक-दोन डेसिबल चढवा.

सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर केबल टीव्ही किंवा डिशची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष तिथल्या अर्थिंगचा. अर्थिंगची तिसरी पिन कापून आवाज घालवणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर ते आधी करून घ्या. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही गुरगुर येते. साइन वेव्हचा हवा.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळा स्पीकर खातो. स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवती फोमच्या कडेपेक्षा रबरी कड टिकते. भुसा दाबून केलेल्या फळीची खोकी ओल्या जमिनीवर फुगतात. खाली पाय किंवा फळी द्या. कौलारू घरात उंदीर वायर कुरतडतात, तिथे पट्टीऐवजी पाईपच बरी.

खरेदी बेळगावात करा की कोल्हापूर-हुबळीला, २०१७ नंतर जीएसटी दोन्हीकडे सारखाच. बघायचं ते एवढंच, की रिसीव्हर बिघडला तर तो न्यायचा कुठे. बिलावर वॉरंटी आणि सेवा केंद्र लिहून घ्या. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढा, आणि त्यासोबत डिशची वायरही. नुसतं बटण बंद करून वीज अडत नाही.