जावास्क्रिप्ट नको असेल तर फ्रंटएंडला पर्याय काय? माझा अनुभव

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नवीन पोरं आली की थोड्या दिवसांत हमखास विचारतात, सर जेएस (जावास्क्रिप्ट) डोक्यात जातं, पायथन येतं मला, त्यात फ्रंटएंड, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा भाग, नाही का करता येणार? येतं की. ब्राउझरमध्ये पायथन चालवणारं पायस्क्रिप्ट २०२२ पासून आहे. पण त्यात अख्खा पायथनचा इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) आधी ब्राउझरमध्ये उतरवावा लागतो, आणि लोकलमधल्या येणाऱ्या-जाणाऱ्या नेटवर्कवर तुमचं पेज कोण तेवढा वेळ बघत बसणार. डेमोला, शिकवायला मस्त, कस्टमरच्या साइटला नको.

मुळात घोळ असा आहे की ब्राउझरला दोनच गोष्टी चालवता येतात, जेएस आणि वेबअसेम्ब्ली (दुसऱ्या भाषांतला कोड ज्यात बदलून ब्राउझरमध्ये चालवतात तो बायनरी कोड). त्यामुळे बाकी जे काही पर्याय आहेत ते एकतर जेएसमध्ये कंपाइल (रूपांतरित) होतात, नाहीतर वेबअसेम्ब्लीत. आणि वेबअसेम्ब्ली २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत असली तरी ती पेजवरच्या बटणाला थेट हात लावू शकत नाही, मध्ये जेएसचा दलाल लागतोच.

मी स्वतः ब्लेझरवर काम केलंय, म्हणजे सी शार्प या भाषेत फ्रंटएंड. त्याची वेबअसेम्ब्लीवाली आवृत्ती २०२० मध्ये आली. एका क्लायंटच्या बॅकऑफिसचं पोर्टल होतं, अख्खी टीम डॉटनेटची (सी शार्पचा प्लॅटफॉर्म), रिअॅक्टवाला (जेएसची फ्रंटएंड लायब्ररी) एकही नाही. तिथे खरा फायदा दिसला तो व्हॅलिडेशनचा: पॅन नंबर, तारखा, रकमा तपासायचा कोड एकदाच लिहिला आणि तोच सर्व्हरवर पण, ब्राउझरमध्ये पण. नाहीतर दोन भाषांत दोनदा लिहा आणि मग एकीकडे बदललं की दुसरीकडे विसरा. पहिल्यांदा उघडताना मात्र चांगलंच रेंगाळायचं कारण डॉटनेटचा रनटाइम (कोड चालवणारं इंजिन) डाउनलोड होतो, पण लोक सकाळी एकदा उघडून दिवसभर त्यातच काम करणारे आणि दुसऱ्या दिवशी कॅशमधून (ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून) येतं, म्हणून खपलं. शॉपिंग साइटला हे चाललं नसतं. आणि चार्ट काढायची वेळ आली तेव्हा लायब्ररी जेएसचीच घ्यावी लागली, मग इंटरॉप, म्हणजे दोन भाषा जोडणारा कोड, लिहीत बसलो, म्हणजे जेएस काही सुटलं नाहीच!

जेएसमध्ये कंपाइल होणारी एल्म भाषा म्हणून फार गोड आहे, कंपायलरचे एरर मेसेज इतके समजूतदार की शिकवणीच वाटते, पण शेवटचं रिलीज २०१९ चं आणि मुंबईत त्याची नोकरी मी तरी पाहिली नाही. रस्ट या भाषेत यू (Yew), लेप्टोस हे फ्रंटएंड फ्रेमवर्क आहेत, रस्ट आधीच येत असेल तर बघा, फ्रंटएंडसाठी म्हणून रस्ट शिकू नका.

बॅकएंडवाल्यांना (सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्यांना) मी एचटीएमएक्स सांगतो. सर्व्हरने जेसनऐवजी (नुसत्या डेटाच्या फॉरमॅटऐवजी) सरळ एचटीएमएलचा तुकडा पाठवायचा, टॅगवर एक-दोन अॅट्रिब्यूट लावायचे, तेवढाच भाग बदलतो. जँगोवर (पायथनचा वेब फ्रेमवर्क) फॉर्म, टेबल, सर्च असलं काही असेल तर भागतं. आत ती जेएसची लायब्ररीच आहे, पण तुम्हाला लिहावं लागत नाही.

आणि पहिली नोकरी हवी असेल तर गपचूप टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप लावलेलं जेएस, धरा. अँग्युलर हा फ्रंटएंड फ्रेमवर्क त्यातच लिहितात, रिअॅक्टवाले पण बहुतेक तेच मागतात. फक्त रन करताना टाइप गळून पडतात हे लक्षात ठेवा, एपीआयने (सर्व्हरकडून डेटा देणाऱ्या दुव्याने) नंबरच्या जागी स्ट्रिंग पाठवली तर टाइपस्क्रिप्ट तिथे काही बोलणार नाही, ती तपासणी वेगळी लिहावी लागते, इंटरव्ह्यूत मी हे विचारतोच.