जीमेलचे स्पॅम थंडरबर्डमध्ये उतरू नये यासाठी

थंडरबर्ड (संगणकावर मेल वाचण्याचा प्रोग्रॅम) आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरील मेल व फोल्डर प्रोग्रॅममध्ये दाखवणाऱ्या पद्धतीने, जीमेलशी जोडलेले असेल, तर जीमेलचे स्पॅम फोल्डरही त्यात दिसते आणि नको असलेल्या मेल संगणकावर विनाकारण जागा अडवतात. याचा बंदोबस्त सर्व्हरवरच करणे उत्तम, कारण तेथील बदल आयमॅपने जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतो. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधील ‘लेबल्स’ भागात जाऊन ‘स्पॅम’च्या ओळीतील ‘शो इन आयमॅप’समोरची खूण काढावी आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करावे. इतर सेवांच्या बाबतीत थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर राइट-क्लिक करून ‘सबस्क्राइब’मधून त्या फोल्डरची निवड रद्द करून पाहावी. मात्र चुकून स्पॅममध्ये गेलेली कामाची मेल यापुढे थंडरबर्डमध्ये दिसणार नाही, आणि जीमेल स्पॅममधील मेल ३० दिवसांनंतर आपोआप पुसून टाकते. म्हणून दर आठवड्याला ब्राउझरमधून त्या फोल्डरवर आवर्जून नजर टाकावी.