कर्तव्य पथ बघायचाय? मग इंडिया गेटकडून निघा

दिल्लीत बिऱ्हाड असल्यामुळे गावाकडून कुणी आलं की कर्तव्य पथ दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो: टॅक्सीने इंडिया गेट, दोन फोटो, परत टॅक्सी. तसं करू नका. हा रस्ता पायी गेल्याशिवाय कळत नाही. जायचा तोही पूर्वेकडून पश्चिमेला आणि सकाळी. ऊन पाठीवर राहतं आणि समोर राष्ट्रपती भवनाचा घुमट उजळलेला दिसतो. नोव्हेंबरातला धूर आणि जानेवारीतलं धुकं टाळा. तेव्हा घुमटच दिसत नाही, मग कशाला पाय दुखवायचे?

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात उतरला असाल तर इंडिया गेट चालण्याच्या अंतरावर आहे. शेजारीच बडोदा हाऊस, नवी दिल्ली आखणारा ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटेन्स याने बांधलेलं. गायकवाडांच्या त्या वाड्यात आता उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे.

इंडिया गेटला पोचलात की आधी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला बघा. दगडी छत्रीत सुभाषबाबूंचा काळ्या ग्रॅनाइटचा 28 फुटी पुतळा आहे. तिथे आधी पंचम जॉर्ज उभे होते. 1968 मध्ये त्यांना हलवलं आणि 2022 पर्यंत छत्री मोकळीच राहिली. मला ती रिकामीच जास्त आवडायची, पण ते जाऊ दे. छत्रीच्या मागे स्टेडियम आणि त्यामागे पुराना किल्ला. रस्त्याची रेघ मुळात त्या किल्ल्याच्या रोखाने आखली होती, पुढे स्टेडियम मध्ये आलं. 1950 ची पहिली प्रजासत्ताक दिनाची परेड त्याच स्टेडियममध्ये झाली. राजपथ, म्हणजे आजचा कर्तव्य पथ, हे तिचं कायमचं ठिकाण झालं ते 1955 पासून.

आता कमान. उंची 42 मीटर, उद्घाटन 1931. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर आहेत असं गाइड सांगतात, पण माथ्यावरचा मजकूर नीट वाचा. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिकेत पडलेल्यांना तिथे एकत्रित वंदन आहे. नावं कोरलीत ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. म्हणून पणजोबा मेसोपोटेमियात बसऱ्याला पडले असतील तर इथे त्यांचं नाव शोधत मान मोडून घेऊ नका.

पलीकडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाला मात्र निवांत वेळ द्या. 2019 मध्ये ते झालं आणि 2022 मध्ये इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत इथल्या ज्योतीत विलीन केली. गोल भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका पाटीवर एकेक नाव, सोनेरी अक्षरांत. मराठा लाइट इन्फन्ट्री दिसली की आमच्याकडच्या माणसांचं बोलणं आपोआप थांबतं. परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे असलेल्या परम योद्धा स्थळावर रामा राघोबा राणे यांचा अर्धपुतळा चुकवू नका. कारवारकडचा हा माणूस, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता तुकडीतला. 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्याने रणगाड्यांना रस्ता करून दिला.

मग पश्चिमेला चालू लागा. डांबरी रस्त्यावरून नको, कडेच्या लाल ग्रॅनाइटच्या वाटेवरून. दोन्ही अंगांना हिरवळ, पाण्याचे कालवे आणि जांभळाची झाडं. पावसाळ्याच्या तोंडाला खाली जांभळांचा सडा पडतो; पांढरे कपडे घालून येऊ नका.

मधे आडवा लागतो तो जनपथ. इंग्रजांच्या काळात कर्तव्य पथ किंग्जवे होता तेव्हा जनपथ क्वीन्सवे होता. या चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार सांस्कृतिक इमारती उभारायच्या, असा ल्युटेन्सचा बेत होता. त्यातली एकच झाली, आजचं राष्ट्रीय अभिलेखागार.

इथून पुढे खरी गंमत आहे. फोनवर घुमटाचा एक फोटो काढा. रफी मार्गाच्या चौकात दुसरा आणि विजय चौकात तिसरा. तिन्ही शेजारी ठेवून बघा: जवळ जावं तसा घुमट मोठा व्हायला हवा, तो उलट खाली बुडत जातो आणि विजय चौकात जवळजवळ गडप होतो. कारण चढ. रायसीना टेकडीवर आधी फक्त व्हाइसरॉयचा प्रासाद, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, यायचा होता. ल्युटेन्सचा जोडीदार वास्तुविशारद हर्बर्ट बेकर याने आपल्या सचिवालयाच्या दोन्ही इमारतीही (आजचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक) वर चढवल्या आणि प्रासाद मागे सरकला. ल्युटेन्सने होकार दिला होता. चढाने काय होणार हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. मग तो चढ कापून घ्या म्हणून भांडला, पण खर्चापायी कुणी ऐकलं नाही. दोघांची जुनी मैत्री तुटली ती तुटलीच. सगळ्या साम्राज्याचा थाट दाखवायला बांधलेला रस्ता, आणि नेमका धन्याचा वाडाच दडलेला!

चढ चढून नॉर्थ आणि साउथ ब्लॉकच्या मधे गेलात की घुमट पुन्हा पूर्ण वर येतो. बंदोबस्त असेल तर पोलीस खालीच अडवतात. हुज्जत घालू नका, फोटो तर झालेत.

परतीला केंद्रीय सचिवालय मेट्रो जवळ आहे, पिवळी आणि जांभळी दोन्ही लाइन तिथे मिळतात. जानेवारीत येणार असाल तर परेडच्या तालमींमुळे रस्ता कधी बंद आहे ते आधी बघा. 29 तारखेला विजय चौकात बीटिंग रिट्रीट असतं, त्याची तिकिटं आधीच काढावी लागतात.