दोन्हीकडचं औषध: द्राक्षबागेत आणि घरात या चुका टाळा

आमच्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात 'औषध' हा शब्द दोन्हीकडे चालतो. बागेवर मारतात ते औषध, तापात घेतात तेही औषध. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तरी गाव म्हणतं, "त्यानं औषध घेतलं." माझं मेडिकलचं दुकान आहे आणि घरची थोडी थॉमसन द्राक्षांची बागही आहे, त्यामुळे दोन्ही औषधं माझ्या हाताखालून जातात. काउंटरवर उभं राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा एकट्या फवारणीने नाही, एकट्या गोळीने नाही आणि एकट्या उपासानेही नाही. तिन्हींचा हिशेब शरीर एकाच वहीत मांडतं. आपण मात्र डॉक्टरला त्यातलं एकच पान दाखवतो.

पेस्ट लावून संध्याकाळी 'बसणं'

सगळ्यांत आधी हे, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना लगेच हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. यालाच 'पेस्ट लावणं' म्हणतात. काम घाईचं असतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या दिवसभर द्रावणात बोळा बुडवून काड्यांवर फिरवतात. संध्याकाळी अंग आंबलेलं असतं, मग कुणीतरी क्वार्टर काढतं. थोड्याच वेळात तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, दम लागतो. कधी रक्तदाब इतका उतरतो की माणूस जागेवर कोसळतो. बाकीचे म्हणतात, दारू खराब होती, नाहीतर ऊन लागलं.

दारूला नावं ठेवायला माझी हरकत नाही, पण इथे तिची एकटीची चूक नसते. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी असतं. मग एक विकर (एन्झाइम) त्याचं साधं ॲसिटेट करून टाकतं. हेच विकर सायनामाइड बंद पाडतं, त्यामुळे मधलं विष रक्तात साचत जातं. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिरामची गोळी देतात, तिचं कामही असंच चालतं. फरक एवढाच की ती गोळी माणूस डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतो, इथे कातडीतून आणि श्वासातून नकळत घेतो. युरोपीय संघाने पीकसंरक्षणासाठी या रसायनाला २००८ मध्ये मान्यता नाकारली. आपल्याकडे ते वापरात आहे, तेव्हा एवढं तरी पाळा: आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतर काही दिवस दारू नाही, एक पेगही नाही. हातात रबरी मोजे घाला. कापडी मोजा भिजला की औषध कातडीला धरून ठेवतो, त्यापेक्षा मोजा नसलेला बरा. आणि बागायतदारांनो, टोळीला हे त्यांच्या बोलीत समजावून सांगा. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला कुणी बसत नाही.

तोंडाला रुमाल, अंगात कालचाच शर्ट

रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. फवाऱ्याने तो भिजला की उलट नाकातोंडासमोर औषधाची घडी बांधल्यासारखं होतं. कातडीचंही तसंच. कपाळ, काख आणि जांघ हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पटीने औषध शोषून घेतात, आणि घाम सगळ्यांत जास्त तिथेच येतो. पंप गळून पाठ-कंबर भिजली तर "लाइन संपली की धुतो" म्हणू नका. तिथेच थांबा, शर्ट काढा, साबण लावून अंग धुवा.

घरी आल्यावरची चूक माझ्याच घरात वर्षानुवर्षं झाली. वडिलांचा फवारणीचा शर्ट आणि माझा शाळेचा गणवेश एकाच बादलीत भिजत असे. कुणाला काही झालं नाही, म्हणून ते बरोबर होतं असं नाही. हे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने धुवावेत आणि उन्हात वाळवावेत.

मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण 'साधं' म्हणून लोक त्याच्या बाबतीत अजूनच निर्धास्त असतात. पोर्तुगालमधल्या द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्यांच्या फुप्फुसात गाठी आणि चट्टे सापडले. १९६९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी त्या आजाराला नावच दिलं, द्राक्षमळ्यातल्या फवारणाऱ्याचं फुप्फुस. जुनं औषध म्हणजे निरुपद्रवी औषध नव्हे.

डब्यावरचा चौकोन न बघता दुकानदाराच्या तोंडावर जाणं, ही आणखी एक सवय. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यांत कमी विषारी हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नाही, हे सांगायची वेळ यावी याचंच नवल वाटतं.

पाण्याच्या बाटलीत उरलेलं औषध

नकोच. तणनाशक तर अजिबात नको. पॅराक्वाट या तणनाशकाला उतारा नाही आणि त्याचा एक घोटही जीव घेऊ शकतो. अर्धा डबा उरला तर तो मूळ डब्यातच, कुलपात राहू द्या.

विषबाधा झाली की दूध, तूप, मीठपाणी

इथे घाईने केलेली माया घात करते. ऑरगॅनोफॉस्फेट गटाची कीटकनाशकं नसांचे निरोप थांबवणारं विकर अडवतात, म्हणून मज्जातंतू थांबतच नाहीत. लाळ, घाम, पाणावलेले डोळे, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, उलट्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी छातीत साचलेल्या पाण्यामुळे गुदमरणं. यावर ॲट्रोपिन लागतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. दुधाने विष मरत नाही. मीठपाणी पाजून उलटी काढायला गेलात तर रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की त्यानेच माणूस दगावेल. बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. उलटी होताना ती श्वासनलिकेत गेली तर फुप्फुस पेटतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला तर पाण्याचा घोटही देऊ नका.

कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. माणसाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. आणि रिकामा डबा बरोबर घ्या. "काहीतरी पांढरं औषध होतं" एवढ्यावर डॉक्टरला अंदाजाने चालावं लागतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कुणी कोणकोणती औषधं एकत्र कालवली होती हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला. चार औषधं एका टाकीत ओतायची सवय आपल्याकडेही आहे.

'अंगदुखीची एक द्या'

आता माझ्या काउंटरवरची चूक. यात माझ्यासारखे दुकानदारही सामील आहेत, हे आधीच कबूल करतो. मार्च-एप्रिलमध्ये माल काढणीची घाई, ऊन चढलेलं, पाणी कमी प्यायलेलं. कंबर धरली की माणूस डायक्लोफिनॅक मागतो, सकाळी एक, रात्री एक, आठवडाभर. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड काही रसायनांच्या जोरावर आपला रक्तपुरवठा टिकवून धरतं. वेदनाशामक गोळी नेमकी तीच रसायनं कमी करते. मग एके दिवशी लघवी कमी होते, पाय सुजतात. आमच्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्यस्थान आहे. देशातली गिधाडं संपत आली ती याच डायक्लोफिनॅकमुळे. औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसासाठी ते अजूनही पानपट्टीवर मागितल्यासारखं मागतात.

पॅरासिटामॉलची चूक वेगळी. सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या जोडगोळीत असतं आणि तापाची गोळी तर तीच. तिन्ही घेतल्या की मोठ्या माणसासाठीची दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. त्यात पोट रिकामं आणि रात्री दारू असेल तर यकृताचा विष निकामी करणारा साठा आधीच खाली आलेला असतो आणि कमी मात्राही घातक ठरते.

गुडघ्यासाठी खुल्या पुडीतलं 'जडीबुटीचं' चूर्ण घेत असाल आणि दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला असेल, तर खुश होण्याआधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मग साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि अचानक बंद केलं तर माणूस कोसळतो.

चहा, मिश्री आणि 'औषधाचा वास लागला'

बागेत कामाला जाणाऱ्या बायांची सकाळ अनेकदा अशी जाते: मिश्री, कोरा चहा आणि थेट पिकअप. मिश्रीतल्या निकोटिनने भूक मरते. दुपारी भाकर खाल्ली की वर पुन्हा चहा, आणि चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं. रक्त कमी होतं, चक्कर येते, आणि सगळे म्हणतात, "औषधाचा वास लागला." वास लागलाही असेल, पण हिमोग्लोबिन कुणी तपासत नाही. पोटी मूल असताना मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं होतं, हे दाईलाही ठाऊक असतं. तरी डबी सुटत नाही.

उपाशी अंग विषाला दार जास्त उघडतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं. भंगार बॅटऱ्या फोडल्या जातात तिथे खेळणाऱ्या पोराला याचा फटका दुप्पट बसतो, कारण लहान मूल मोठ्यापेक्षा शिसं मुळातच कितीतरी जास्त शोषतं. अशा पोराला नुसतं टॉनिक देऊन भागत नाही. आधी त्याला त्या जागेपासून हलवावं लागतं.

खाण्याचा उपाय महागडा नाही. सुरगाण्याच्या बाया नागली (नाचणी) विकायला आणतात, तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. लोहासाठी बाजरीची भाकर आणि मेथी, वर लिंबू पिळा. चहा जेवणानंतर तासाभराने. लोहाची गोळी चहाबरोबर गिळणाऱ्यांना मी आता काउंटरवरच थांबवतो. काही जण रागावतात, पुढच्या मेडिकलला जातात.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना गोळ्यांच्या पट्ट्या, फवारलेल्या औषधाच्या डब्याचा फोटो आणि सकाळपासून काय खाल्लं, काय प्यायलं, हे सगळं घेऊन जा. दारूचंही सांगा, बायको शेजारी बसलेली असली तरी.