जुन्या धर्मशाळेची नोंद: आधी काजळी मोजा, मग शिलालेख वाचा

गावातल्या धर्मशाळेचा इतिहास लिहायचा म्हटलं की बहुतेकांची नजर आधी दरवाजावरच्या पाटीकडे जाते. पाटीवर साल सापडलं की तेच अख्ख्या इमारतीला चिकटवून लोक मोकळे होतात. पण पाटी पुष्कळदा जीर्णोद्धाराची असते. मागची ओवरी (चौकाकडे उघडा, खांबांचा लांब ओटा) तिच्याहून कितीतरी जुनी आणि पुढचा दिंडी दरवाजा नवा, असंही सहज निघतं. म्हणून आधी इमारत, मग पाटी, शेवटी कागद असा क्रम ठेवा. पैठण, तुळजापूर, परळी, औंढा अशा यात्रेच्या गावांत तर तो सोडूच नये. तिथे दर पिढीत कुणी ना कुणी भर घातलेली असते.

मापांसाठी ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा छोटा टेप, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), आलेख कागद आणि सोबत एक माणूस एवढं पुरे. ओवरीचा प्रत्येक खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, सुटा मोजू नका. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून टेप दुसऱ्या टोकापर्यंत ताणा आणि प्रत्येक खांबाचा आकडा त्याच टेपवर वाचा. सुटं मोजताना खणामागे ५ मिलिमीटर चुकलं तर १२ खणांत ६ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि नकाशा शेवटच्या कोपऱ्यात जुळत नाही. चौकाचे दोन्ही कर्ण घ्या, कारण जुने चौक क्वचितच काटकोनात असतात. भिंतीची जाडी दाराच्या बाजूत मोजा. नकाशाला १:५० प्रमाण सोयीचं पडतं.

भिंत काळ्या दगडाची दिसली तरी आतून सलग दगड नसतो. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मधे माती-गोट्यांची भर, अशी ती असते. वरून ओळंबा सोडा आणि फुटाफुटावर दोरी ते भिंत अंतर लिहा. मधे अंतर घटून खाली पुन्हा वाढलं, तर भिंतीला पोट सुटलंय. भरीत पाणी शिरलं, माती खाली बसली आणि बाहेरचा थर ढकलला गेला. हे पाणी बहुतेक वेळा वरून आलेलं असतं, म्हणून पुढची पाहणी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची.

तुळया, त्यावर किलचन (लाकडी फळ्या-काड्यांचा थर), त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती, असे माळवदाचे थर. गळायला लागलं की वरून आणखी माती टाकायची, ही जुनी सवय. त्यानं गळती थांबते, पण ओझं वाढत जातं. ओल्या मातीचा घनफूट साधारण ५० किलो भरतो. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खणावर दीड फूट माती असेल, तर तुळयांवर साडेसात टन. तुळईचा बाक बघायला तिच्या दोन्ही टोकांना खालून दोरी ताणून धरा. मातीची जाडी पन्हळीपाशी (छतावरचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीपाशी), कडेला मोजा. मधे उकरू नका. पन्हळ बुजली आहे का तेही तिथेच कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात आधी पुसलं जाणारं: काजळी. ओवरीच्या मागच्या भिंतीवर खालून वर निमुळते होत गेलेले काळे पट्टे म्हणजे वाटसरूंच्या तीन दगडांच्या चुली. पट्टे मोजा, खणाचा क्रमांक टाका, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. एका वेळी किती बिऱ्हाडं उतरत, याचा यासारखा पुरावा कागदात सापडत नाही. इंग्लंडात विंचेस्टरला सेंट क्रॉस हा बाराव्या शतकात स्थापन झालेला वृद्धाश्रम आहे. तिथे रांगेनं उभ्या उंच धुराड्यांवरून राहणाऱ्यांच्या खोल्यांचा अंदाज येतो. आपल्याकडे धुराडं नाही, सगळी मदार काजळीवर. यात्रेच्या आधी ग्रामपंचायत हौसेनं चुना मारते आणि तो पुरावा एका दुपारीत जातो. रंगाचं काम निघायच्या आत हे उरका.

काजळीसोबत दिव्यांचे कोनाडे, जनावरं बांधायच्या कड्या, दगडी कुंड्या, फरशीत बसवलेलं उखळ हेही टिपा. आडाच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा बोटानं चाचपून पाहा. जिथे त्या खोल आणि गुळगुळीत, त्या अंगानं पाणी जास्त शेंदलं जाई, आणि मूळ वाट बहुधा तिकडूनच होती. पाणी आणि मुक्काम यांची सांगड कशी घालत, हे बघायचं तर छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहून या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेल्या या जागी डोंगरातलं पाणी मातीच्या नळांनी आणून उंचावरून सोडलं आणि त्या जोरावर फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळलं. समोरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे.

शिलालेख सकाळी लवकर किंवा रात्री बाजूनं बॅटरी धरून टिपा. तिरप्या उजेडात झिजलेलं अक्षरही उठतं. खडू, तेल, ॲसिड यातलं काही लावू नका. शेंदराचा थर खरवडूही नका. वास्तू संरक्षित असेल तर कागदी ठसा घ्यायला पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषापासून पुढच्या तिथीला ७९ लागू शकतात. संवत्सराचं नाव (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव) कोरलेलं असेल तर पडताळा घ्याच: शकात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी म्हणजे प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). समजा तिसरा आकडा झिजलाय, शके १६६० की १६९० कळत नाही. १६६० ला बाकी ५२, म्हणजे कालयुक्त. १६९० ला २२, म्हणजे सर्वधारी. नाव वाचता आलं की वाद मिटला. हिजरी साल असेल तर त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, वर्षभराचा फरक धरून चाला.

कागदांत लोक सातबारा मागतात आणि रिकाम्या हातानं परततात. धर्मशाळा गावठाणात असेल तर तिचा सातबारा नसतोच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर-जागांच्या कर आकारणीची नोंदवही) पाहा, शहरात मिळकत पत्रिका. सातबारा आणि मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) लागतं ते धर्मशाळेच्या खर्चासाठी दिलेल्या इनाम जमिनीला. इनामाची चौकशी झाली असेल तर मुंतखब, म्हणजे त्या चौकशीच्या निर्णयाचा उतारा, मिळू शकतो. विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय कार्यालयातली नोंद काढा. निजामकाळातल्या उर्दू कागदांवर फसली साल (महसुलाची कालगणना) असतं; त्यात ५९० मिळवा, पण ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१.

नमुना ८ मधलं क्षेत्र आपल्या नकाशाशी ताडून पाहा. नोंदीत जास्त आणि जागेवर कमी निघालं, तर एखादी ओवरी पडली असेल किंवा शेजारच्या घरात गेली असेल. लगतच्या भिंतींच्या बुडाशी त्याच घडणीचे जोत्याचे दगड दिसतात का ते बघा आणि नकाशात तुटक रेषेनं दाखवा.