या चुका टाळा: पुरुषांची गुप्तांगाची स्वच्छता, खाजेची ट्यूब आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

बडोद्याच्या रावपुऱ्यात औषधांच्या दुकानात उभे राहून मला बावीस वर्षे झाली. या काळात सर्वांत हळू आवाजात झालेली मागणी म्हणजे जांघेतल्या खाजेवरची ट्यूब. दुकान रिकामे होईपर्यंत गिऱ्हाईक बाहेर थांबते, त्रास मित्राला आहे असे सांगते आणि मलम खिशात घालून निघून जाते. हा संकोच मला समजतो. परंतु अस्वच्छतेमुळे होते त्याहून अधिक नुकसान मनाने केलेल्या उपचारांमुळे आणि डॉक्टरांकडे उशिरा गेल्यामुळे होते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

साबणाचा अतिरेक

शिश्नाच्या अग्रत्वचेखाली, म्हणजे टोकावरच्या सैल कातडीखाली, जो पांढरट थर साठतो तो मृत पेशी आणि त्वचेतील तेलकट स्राव यांचा असतो. तो रोग नव्हे आणि ‘धातू जाणे’ तर मुळीच नव्हे. तो काढण्यासाठी अंगाचा सुगंधी साबण, शाम्पू किंवा जखमेवर लावायचे जंतुनाशक द्रव वापरू नये, कारण आतली त्वचा अत्यंत नाजूक असते आणि या पदार्थांनीच ती लाल होऊन चुरचुरू लागते. मग माणसाला वाटते की आपण अजून पुरेसे स्वच्छ नाही, आणि तो आणखी घासतो. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, अग्रत्वचा न दुखता जेवढी मागे जाईल तेवढीच मागे घेऊन कोमट पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणावी. मागेच राहिलेली त्वचा शिश्नमुंडाभोवती, म्हणजे शिश्नाच्या टोकाभोवती, आवळली जाते, सूज वाढते आणि मग ती हाताने पुढे येत नाही. तसे झाल्यास रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक चूक घरोघरी होते. बाळाला न्हाऊ घालणारी बाई किंवा घरातील वडीलधारी माणसे तेल लावून अग्रत्वचा रोज थोडी थोडी मागे ओढतात. जन्मतः ही त्वचा आतून चिकटलेलीच असते आणि ती काही वर्षांत, काहींची तर वयात येताना, आपोआप सुटते. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण राहतो आणि जी त्वचा नैसर्गिकरीत्या मोकळी झाली असती ती खरोखरच घट्ट होऊन बसते. बाळाला बाहेरून धुणे पुरेसे आहे. मात्र लघवी करताना मूल रडत असेल किंवा धार अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

खाजेची ट्यूब

आमच्याकडे पावसाळ्यात चड्डी दोरीवर दोन दोन दिवस वाळत नाही, आणि त्यानंतर नवरात्रात तरुण मुले नऊ रात्री घामाने निथळत गरबा खेळून त्याच कपड्यांत झोपी जातात. जांघेत लालसर, कडेला उठावदार चकंदळ उमटते. हाच नायटा, ज्याला शेजारचे गुजराती लोक दादर म्हणतात. तो बुरशीमुळे होतो. येथे खरी चूक घडते ती स्टेरॉइड मिसळलेले मलम लावण्याची. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज आणि लाली दबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते; पण बुरशी मरत नाही, उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती पसरते. मलम बंद करताच खाज दुपटीने परतते आणि माणूस तीच ट्यूब पुन्हा मागायला येतो. महिनोन्‌महिने असे चालले की जांघेतली त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे पडतात. लावायची अनेक स्टेरॉइडे केंद्र सरकारने 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तरीही ‘मागच्या वेळची तीच द्या’ हा आग्रह थांबलेला नाही. मी नकार दिला की काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात, आणि त्याचे मला वाईट वाटते.

नायट्याचे उपचार काही आठवडे चालतात आणि खाज थांबल्यानंतरही डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडायचे नसते. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी व्हावेत; टॉवेल वेगळा ठेवावा, सुती आणि सैल चड्डी रोज बदलावी आणि ती उन्हात वाळवावी. ओलसर जांघेत पावडर थापू नये. तिचे गोळे होऊन त्वचा सोलवटते. केस काढायचेच असतील तर वस्तऱ्याऐवजी कात्रीने आखूड करावेत.

शिश्नमुंड वारंवार लाल होत असेल, पांढरे चट्टे येत असतील किंवा अग्रत्वचेला चिरा पडत असतील, तर मलमाआधी रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची ही पहिली खूण असू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीतून साखर जात असल्याने त्यांना बुरशीचा हा संसर्ग अधिक होतो. त्यांनी गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

कधी थांबू नये

वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली तर ते पिळले गेलेले असू शकते आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची शक्यता चांगली असते. किशोरवयीन मुले लाजेने फक्त ‘पोट दुखते’ म्हणतात. आईवडिलांनी स्पष्ट विचारावे. मधुमेही माणसाच्या गुप्तांगाला सूज, ताप आणि असह्य दुखणे असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवायचे दुखणे आहे.

न दुखणाऱ्या जखमेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सिफिलिस या लैंगिक संसर्गाची जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते आणि आजार शरीरात तसाच राहतो. लघवीच्या वाटेने पू येणे, वृषणात न दुखणारी गाठ लागणे, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याची, ही सारी तपासून घेण्याची कारणे आहेत. लैंगिक संसर्ग निघाल्यास जोडीदाराचेही उपचार करावे लागतात, नाहीतर तो पुन्हा परततो. याउलट शिश्नमुंडाच्या कडेला एका रांगेत असलेले बारीक, एकसारखे मोत्यासारखे दाणे हा रोग नाही. त्यांच्यावर औषध विकणाऱ्यांपासून दूर राहावे.

बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक संसर्गाचे उपचार मोफत होतात. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनच्या 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून सोबत न्या, कारण स्टेरॉइडने बदललेला नायटा नुसता पाहून ओळखणे डॉक्टरांनाही कठीण जाते.