सायकल स्वतः जुळवताना ब्रेक आणि फोर्कच्या या चुका टाळा

परतवाड्याजवळच्या माझ्या दुकानात जुनी फ्रेम घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण आधी ब्रेक विकत घेतो आणि तो कशावर बसवायचा हे नंतर विचारतो. कोणता ब्रेक बसेल हे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दोन नळ्यांचा चिमटा, ठरवतो, त्यामुळे पैसे आधी फोर्कवर खर्च करावेत.

मला सर्वाधिक संताप आणणारी चूक म्हणजे साध्या फोर्कला वेल्डिंग करून डिस्क ब्रेकचे, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबणाऱ्या ब्रेकचे, कान लावणे. चाकाच्या कडेवर रबर दाबणाऱ्या रिम ब्रेकचा जोर फोर्कच्या माथ्याजवळ, जिथे दोन्ही नळ्या जुळतात, म्हणजे तो सर्वांत भक्कम असतो तिथे येतो. डिस्कचा कॅलिपर, म्हणजे चकतीला पकडणारा भाग, मात्र डाव्या नळीच्या खालच्या टोकाशी असतो, आणि ब्रेक दाबताच ती एकटी निमुळती नळी वाकू लागते. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा पातळ पत्रा आणखी कच्चा होतो. काही वर्षांपूर्वी मी नकार दिल्यावर एका मुलाने हे काम खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडून करून घेतले. सपाट रस्त्यावर दोन आठवडे सायकल उत्तम चालली, आणि तो मला मुद्दाम ती दाखवूनही गेला. पुढे १११८ मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याहून घाट उतरताना एका वळणाआधी त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि जोडाच्या लगेच वर नळी मागे दुमडली. मनगटावर निभावले. तो फोर्क माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. घाई करणाऱ्याशी वाद न घालता मी तोच त्याच्या हातात देतो. डिस्क हवीच असेल, तर कॅलिपरची बैठक कारखान्यातच बसवलेला फोर्क आणि डिस्कचाच हब (चाकाचा मधला तुंबा) घ्यावा, आणि त्या फोर्कला चालते त्याहून मोठी चकती लावू नये. १६० मिलिमीटरची चकती बहुतेकांना पुरते.

जुन्या सायकलीचा स्टीअरर, म्हणजे फोर्कची फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी, एक इंचाचा आट्यांचा असतो आणि नव्या फोर्कचा बहुधा सव्वा इंचाहून थोड्या कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर जाडीचा असतो. डोळ्यांनी अंदाज न करता वर्निअरने मोजावे. स्वस्त शॉकअपचा फोर्क लावून पुढचा भाग उंच करू नये, कारण साधारण २० मिलिमीटर उंची वाढली की हेडट्यूबचा, म्हणजे स्टीअरर बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा, कोन एका अंशाने लोळतो आणि हँडल सुस्त होते.

दुसरी चूक फक्त आपल्या काळ्या मातीत कळते. दुकानात टायर मोकळे फिरते म्हणून खूश होणारा माणूस जुलैमध्ये कपाशीच्या धुऱ्यावरून जातो, तेव्हा चिखल माथ्याखाली थापला जाऊन चाक जागच्या जागी अडकते आणि सायकल खांद्यावर घेऊन घर गाठावे लागते. टायर आणि माथा यांच्यामधून माझे बोट सहज फिरत नसेल, तर तो फोर्क मी परत करतो, मग तो कितीही मजबूत असो. पोलादी क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक घसरतो, म्हणून ॲल्युमिनियमची रिम घ्यावी.

व्ही-ब्रेकला, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना उभे लांब हात असलेल्या रिम ब्रेकला, जास्त तार ओढणारा लिव्हर लागतो. माथ्यावर बसणाऱ्या जुन्या कॅलिपर रिम ब्रेकचा लिव्हर जोडला, तर मूठ हँडलला टेकते तरी रबर रिमला नीट भिडत नाही. ही जोडी दुकानदाराकडून एकत्रच घ्यावी. डिस्कच्या चकतीला तेलाचा हात लागला, तर ती स्पिरिटने पुसावी. तेल प्यायलेले पॅड घासत बसण्यापेक्षा मी ते सरळ फेकतो.